पिशोरच्या कुत्रीचा फोटो

शहराच्या गारखेडा भागातल्या आमच्या फ्लॅटची पुढची खोली हाच माझा स्टुडिओ. सोफा काढून टाकला, भिंतीवर राखाडी कापड ताणून बसवलं आणि फरशीवर जाड सतरंजी अंथरली. गुळगुळीत फरशीवर कुत्र्यांचे पाय घसरतात, आणि घसरणारं कुत्रं फोटोत कायम काहीतरी चोरून खाल्ल्यासारखं दिसतं. आधी बरीच वर्षं मी लग्नांचे फोटो काढायचे. नवऱ्यामुलाच्या मामांनी मारलेल्या हाका आणि जेवणाच्या पंगतीतली ढकलाढकली यांना कंटाळून मी पाळीव प्राण्यांकडं वळले. सुरुवातीला लोक हसायचे. मग हळूहळू यायला लागले. कुणी पर्शियन मांजर घेऊन, कुणी पिंजऱ्यासकट पोपट घेऊन.

येणाऱ्यांपैकी निम्मे तरी तळमजल्यावरून यायचे. तिथं माझी मैत्रीण कुत्र्या-मांजरांना आंघोळ घालायचं, केस कापायचं पार्लर चालवते. आम्ही दोघी एकाच वर्षी या इमारतीत राहायला आलो. तिच्याकडचं गिऱ्हाईक ती वर पाठवायची, माझ्याकडचं मी खाली. दुपारी चारचा चहा आम्ही माझ्या स्वयंपाकघरात घ्यायचो. ती दार वाजवत नसे, सरळ आत यायची.

गेल्या हिवाळ्यात पिशोर या गावाहून एक गृहस्थ आले. पन्नाशीचे, पांढरा सदरा, डोक्याला मफलर. घरची शेती, आलं आणि मका. सोबत त्यांची बायको आणि एक कारवानी कुत्री. कारवानी मी फार पाहिल्या नव्हत्या. आपल्या भागातलंच हे कुत्रं, उंच, सडपातळ, लांब तोंडाचं. ही वाळूच्या रंगाची होती आणि खोलीत शिरली ती कुणाचंच काही देणं लागत नसल्यासारखी. त्यांची मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली होती. फोन केला की आधी कुत्रीला दाखवा म्हणायची. तिच्या वाढदिवसाला मोठी फ्रेम द्यायची, म्हणून ही सगळी धडपड.

कुत्री दीड तास नीट उभी राहिली नाही. शेवटी काकू पडद्याच्या एका बाजूला उकिडव्या बसल्या आणि अगदी हळू आवाजात तिच्याशी बोलायला लागल्या. कुत्रीनं मान वळवून त्यांच्याकडं पाहिलं, एक पाय पुढं टाकला, आणि मला तो फोटो मिळाला. वर्षातून एखादाच असा मिळतो. काकांनी ठरलेले पैसे तिथंच दिले. मी पावती फाडली.

कुत्रीच्या पुढच्या पायात काळा दोरा बांधलेला होता, नजर लागू नये म्हणून. फोटोत पायाची सगळी लांब रेघ त्या दोऱ्यापाशी तुटत होती. संगणकावर फोटो साफ करताना मी तो पुसून टाकला. फ्रेम हातात पडल्यावर काकूंचा फोन आला.

"फोटू लई चांगला झालाय. पण दोरा कुठं गेला वो?"

"साफसफाईत गेला, काकू."

"आता परत नाय का येत?"

मी हसले आणि विषय बदलला.

होळीच्या आठवडाभर आधी मी औरंगपुऱ्याच्या बाजारात फ्रेमवाल्याकडं गेले होते. गल्लीच्या तोंडाशी प्राण्यांच्या खाद्याचं नवीन दुकान निघालं होतं. त्याच्या दारावर आडवी पाटी, आठ-दहा फुटांची, फ्लेक्सची. पाटीवर पिशोरची कुत्री. तोच फोटो, तेच वळलेलं तोंड. खालचा कोपरा, जिथं फोटो संगणकावर उतरवतानाच माझ्या स्टुडिओची खूण पडते, तो कापलेला. आणि बाजूला लाल अक्षरांत, 'अस्सल कारवानी पिल्लं मिळतील'.

माझी स्कूटी बंद पडली नव्हती, पण मी ती बंद करून तिथंच उभी राहिले. मागून रिक्षावाले हॉर्न वाजवत होते. मी मोबाईलवर पाटीचा फोटो घेतला, आणि तो मोठा करून पाहताना माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पुढच्या पायात काळा दोरा होता.

म्हणजे पाटीवरचा फोटो मी काकांना दिलेला नव्हता. साफ न केलेला होता. तो कुणाला दिल्याचं मला आठवत नव्हतं. तो माझ्या संगणकात होता, आणि माझ्या संगणकाला माझ्याशिवाय एकाच माणसानं हात लावला होता. दोन आठवड्यांपूर्वी मैत्रिणीचा प्रिंटर बिघडला म्हणून तिनं पार्लरचं दरपत्रक माझ्याकडं बसून छापलं होतं. मी तेव्हा आत भाजी परतत होते.

घरी येताना मी पार्लरच्या काचेतून आत पाहिलं. कोपऱ्यात कुत्र्यांच्या खाद्याची तीन पोती रचलेली होती, त्यांवर त्या नव्या दुकानाचा शिक्का. ही पोती तिथं आधीपासून असणार. पण मला ती त्या दिवशी दिसली.

तिला सरळ विचारावं, असं मला एकदाही वाटलं नाही. मला तिला पकडायचं होतं. चारला ती चहाला आली तेव्हा मी संगणकाचा पडदा भिंतीकडं फिरवून ठेवला.

"काय चाललंय एवढं गुपचूप?" ती म्हणाली.

"काही नाही गं. असंच." मग कपात साखर घालता घालता मी सहज विचारल्यासारखं केलं, "औरंगपुऱ्यात नवीन दुकान निघालंय म्हणे?"

"हो ना! मी तिथूनच माल घेते आता. जरा स्वस्त देतो तो."

इतकं पटकन आणि मोकळं कोण सांगतं, असं माझ्या मनात आलं. ती अडखळली असती तर त्याचाही मी तसाच अर्थ लावला असता, हे आज कळतं. ती गेल्यावर मी संगणकाला पासवर्ड घातला. दुसऱ्या दिवशी दाराला आतून कडी लावली. तिनं दार ढकललं, ते उघडलं नाही, मग तिनं बेल वाजवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी दार उघडलं तेव्हा ती कडीकडं बघत होती.

त्याच आठवड्यात पिशोरहून फोन आला. या वेळी काका.

"ताई, तुमी आमच्या कुत्रीचा फोटू इकला का?"

मी म्हटलं, "नाही हो काका, मीच शोधतेय कुणी..."

"मग दुकानावर कसा गेला? फोटू तुमी काढला, तुमच्याकडंच हाय. आमच्या घरी फ्रेम हाय, ती काय उडून गेली का?"

त्यांचा आवाज चढत नव्हता, आणि ते मला जास्त लागत होतं. पाटीचा फोटो गावातल्या कुणीतरी व्हॉट्सॲपवर टाकला होता. त्या कुत्रीला मागं दोनदा पिल्लं झाली होती आणि काकांनी ती सोयऱ्याधायऱ्यांत दिली होती, एकही विकलं नव्हतं. आता पारावर लोक विचारत होते, कितीला देता एक. मेहुण्यानं तर चार माणसांत म्हटलं होतं की आम्हाला फुकट दिल्यासारखं दाखवता आणि शहरात दुकान मांडता.

"आन् परवा एक पांढरी गाडी शेताच्या बांधावरून दोनदा फिरून गेली," ते म्हणाले. "कोण होतं कुणास ठावं. म्या कुत्रीला घरात बांधतो आता. ती बांधायचं जनावर नाय, ताई."

मी पुन्हा पुन्हा सांगितलं की मी विकला नाही. ते ऐकून घेत होते, पण त्यांना पटत नव्हतं. फोन ठेवताना मला त्यांचाही राग आला. मनात एक विचार आला, तो लिहायला लाज वाटते, पण आला होता. यांनीच तर दुकानदाराशी पिल्लांचा सौदा केला नसेल? आता गावात बोभाटा झाला म्हणून माझ्यावर ढकलताहेत?

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले. दुकानदार गल्ल्यामागं बसून पोपटाचा बाजरा तोलत होता. मी पाटीकडं बोट करून विचारलं, हा फोटो कुठून आणला?

"मॅडम, वो तो छापनेवाले ने डाला. मैं तो बोला था, अच्छा सा कुत्ता डालो."

"कोण छापणारा?"

त्याचा हात थांबला. "आप कौनसी दुकान से आए?"

"मी फोटोग्राफर आहे. तो फोटो माझा आहे."

"सब यहीच बोलते. कल पिशोर से एक जण का फोन था, बोला कुत्ता उसका है." त्यानं बाजरा पिशवीत ओतला. "कुछ लिखा है क्या आपके पास? कागज वगैरा?"

कागद नव्हता. माझ्याकडं कुणाशीच कसलाही कागद नव्हता. छापणाऱ्याचं नाव त्यानं शेवटपर्यंत सांगितलं नाही. मी दुसऱ्या दुकानाची माणूस आहे आणि त्याची पाटी उतरवायला आलेय, अशी त्याची खात्री झालेली दिसत होती.

माझा एक मावसभाऊ जिल्हा न्यायालयात वकिली करतो. बहुतेक जमिनीचे दावे. मी त्याला फोन करून सगळं सांगितलं आणि माझा फोटो चोरल्याबद्दल नोटीस पाठव म्हटलं.

त्यानं विचारलं, "त्या पिशोरच्या माणसानं तुला पैसे दिले होते?"

"दिले की. पावती आहे."

"आणि फोटो पुढं कोण वापरणार, कुणाचा राहणार, असं काही लिहून घेतलं होतंस?"

"नाही."

"मग तुझा कसा?" तो म्हणाला. "पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून फोटो काढला आणि वेगळं काही ठरलेलं नसलं, तर कायद्यानं हक्क पहिल्यांदा त्या माणसाचा. कॅमेरा तुझा असला तरी. नोटीस पाठवायचीच तर त्यांनी पाठवायची. तुलाही तो फोटो कुठं वापरायचा तर त्यांना विचारायला पाहिजे."

मी फोन ठेवला आणि भिंतीकडं बघत बसले. भिंतीवर माझे चांगले चांगले फोटो लावलेले होते. इतकी वर्षं मी ते माझेच समजत आले होते. मावसभावाला जमिनीचे दावे सोडून बाकी कायदा कितपत येतो, अशीही शंका घेऊन झाली. मग मी इंटरनेटवर कायदा उघडून वाचला. तो म्हणाला तसंच होतं.

दोन दिवसांनी काका स्वतः आले. सकाळच्या गाडीनं, एकटे. पाणी दिलं ते प्यायले नाहीत. सदऱ्याच्या खिशातून त्यांनी एक छोटं कार्ड काढलं आणि टेबलावर माझ्यासमोर ठेवलं.

"जनावरांच्या डॉक्टरकडं गेलतो. तिथं गठ्ठा पडलाय असा. ह्याच्यावर कुणाची कुत्री हाय, सांगा."

ते माझंच व्हिजिटिंग कार्ड होतं. एका बाजूला स्टुडिओचं नाव आणि नंबर, दुसऱ्या बाजूला वळून पाहणारी कारवानी. मी ते डोळ्यांजवळ धरलं. पुढच्या पायात केसाएवढी काळी रेघ होती.

मग सगळं आठवलं. शूट झाल्यावर तीनच दिवसांनी एका शाळेच्या मैदानावर प्राण्यांचं प्रदर्शन होतं, आणि मला तिथं वाटायला आणि जनावरांच्या डॉक्टरकडं ठेवायला कार्डं हवी होती. फोटो अजून साफ केलेले नव्हते. मी घाईघाईत अख्खं फोल्डर पेनड्राईव्हवर टाकलं, औरंगपुऱ्यातल्या एका छपाईवाल्याला दिलं आणि यातला कारवानीचा घ्या म्हणून सांगितलं. त्यानं ते त्याच्या संगणकात उतरवून घेतलं. मी पेनड्राईव्ह परत आणला, फोटो परत आणले नाहीत.

"काका," मी म्हटलं, "हे मीच छापलंय."

"ते दिसतंयच की. म्या कुठं म्हनतो दुसऱ्यानं छापलं? आमाला इचारलं होतं का?"

"नाही."

"कामून नाय?"

फोटो चांगला आला होता, माझ्या हातून आला होता, म्हणून तो माझा, एवढंच माझ्या डोक्यात होतं. त्यांच्या घरातलं जनावर माझ्या धंद्याची जाहिरात करत गावोगाव फिरतंय, हे मी पाहिलंच नव्हतं. मी त्यांना सगळं सांगितलं. पेनड्राईव्हचं, छपाईवाल्याचं, आणि कायद्याप्रमाणे फोटो त्यांचा आहे हेसुद्धा. हे शेवटचं न सांगता भागलं असतं. सांगितलं नसतं तर त्यांना कळलं नसतं. पण सांगितलं.

त्यांनी कार्ड उचललं आणि माझ्याकडं निरखून पाहिलं. मी हे का सांगतेय, यात माझा काय डाव आहे, ते शोधत असावेत.

"म्हंजे पाटी उतरवा म्हनायचा हक्क माझा?"

"तुमचा."

"चला मग."

आधी आम्ही छपाईवाल्याकडं गेलो. त्यानं कबूल करायला वेळ लावला नाही. फोटो पडलेला होता, चांगला होता, खूण कापली, टाकला. त्यात काही वावगं झालं असं त्याला वाटतच नव्हतं. "मॅडम, तुमचीच फुकटात जाहिरात झाली," म्हणाला. खूण कापल्यावर माझी जाहिरात कशी झाली, हे मी विचारलं. तो हसला. आमच्यासमोर त्यानं ते फोल्डर काढून टाकलं. दुसरीकडं कुठं ठेवलं असेल तर ते मला आजही माहीत नाही.

दुकानदारानं आम्हा दोघांना एकत्र पाहिलं आणि गल्ल्याचा खण बंद करून चावी खिशात टाकली.

"कितना चाहिए, सीधा बोलो," तो म्हणाला.

काकांना हिंदी कळते, पण ते मराठीतच बोलले. "पैसे नकोत. माझी कुत्री त्या पाटीवरून उतरवा. आन् ती पिल्लांची गोष्ट लिवलीय ती पुसा. कुत्री माझ्या घरची हाय. म्या पिल्लं इकत नाय."

"सच में पैसा नहीं चाहिए?"

"नाय म्हनलो ना."

पैसे नकोत म्हटल्यावर तर तो जास्तच सावध झाला. उद्या पोलीस घेऊन आलात तर, असं विचारायला लागला. शेवटी त्यानं बिलबुकाचा एक कोरा कागद फाडला. मी मराठीत चार ओळी लिहिल्या, की फोटो यांच्या परवानगीशिवाय लागला होता, आज उतरवला, पुढं वापरणार नाही, आणि पाटीबद्दल यांची काही मागणी नाही. दोघांनी सह्या केल्या. माझी सही साक्षीदार म्हणून. दुकानदारानं शिडी आणवली, स्वतः वर चढून पाटीचे दोर कापले. काकांनी फ्लेक्सची गुंडाळी करून काखेत मारली. मी म्हटलं, फाडून टाका इथंच. ते म्हणाले, "कामून? चाऱ्यावर झाकायला व्हईल." त्या गुंडाळीसकट त्यांना मी बसस्टँडवर सोडलं. कार्डांचा गठ्ठा मी डॉक्टरकडून परत आणला आणि उरलेल्यांसकट फाडून टाकला. माझ्या इन्स्टाग्रामच्या पानावरही मी तो फोटो टाकला होता, तिथूनही काढून टाकला.

संध्याकाळी मी खाली पार्लरमध्ये गेले. मैत्रीण एका भिजलेल्या पॉमेरेनियनला वाळवत होती. मशीनचा आवाज मोठा होता, तो बंद होईपर्यंत मी उभी राहिले. मग सांगितलं. पाटी, दोरा, माझा संशय, पासवर्ड, कडी. काहीच वगळलं नाही.

तिनं कुत्र्याच्या कानातलं पाणी कापसानं टिपलं. दुसऱ्या कानातलंही टिपलं.

"मला कळलं होतं काहीतरी झालंय," ती म्हणाली. "मी घरी दोन दिवस विचार करत होते, की माझ्याकडून काय चुकलं. तुला विचारायचं होतं ना सरळ."

मी माफी मागितली. तिनं ठीक आहे म्हटलं, आणि ते खोटं नव्हतं. ती अजूनही गिऱ्हाईक वर पाठवते. पण चहाला येत नाही. आली तर बेल वाजवते, मी कितीही म्हटलं दार उघडंच आहे तरी.

आता माझ्याकडं एका पानाचा कागद आहे, मराठीत. फोटो कुणाचा, मी कुठं वापरेन, तुम्ही कुठं वापराल, छापायला कुणाला दिला तर आधी कळवायचं. मावसभावानं तपासून दिलाय. लोक तो हातात घेतात आणि त्यांचा चेहरा बदलतो. "मांजराच्या फोटोला सही कशाला?" असं एका बाईंनी विचारलं. त्यांनी तो नवऱ्याला मोबाईलवर पाठवला, नवऱ्यानं सही करू नको म्हणून सांगितलं, आणि त्या मांजर घेऊन निघून गेल्या. पोपट घेऊन आलेल्या एका आजोबांनी मात्र भिंग काढून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि दोन ठिकाणी माझं शुद्धलेखन दुरुस्त केलं.

दिवाळीनंतर पिशोरहून फोन आला. कुत्रीला पाच पिल्लं झाली होती. मुलीला पाठवायला फोटो हवे होते. मला बोलावतील असं मला वाटलं नव्हतं.

"पन अट हाय," काका म्हणाले. "एकबी फोटू तुमच्याकडं राहनार नाय."

मी गेले. ओसरीवर गोणपाटावर पिल्लं एकमेकांवर चढत होती. कुत्री बाजूला बसून माझ्यावर लक्ष ठेवून होती आणि काका तिच्या बाजूला बसून माझ्यावर लक्ष ठेवून होते. काकूंनी चहा दिला. काम झाल्यावर मी लॅपटॉप उघडला, सगळे फोटो त्यांच्या पेनड्राईव्हवर उतरवून दिले. मग कॅमेऱ्यातलं कार्ड त्यांच्यासमोर पुसलं आणि रिकामा पडदा त्यांना दाखवला.

"गेलं?"

"गेलं."

"ह्या लॅपटॉपमधी नाय ना कुठं?"

मी लॅपटॉप त्यांच्याकडं फिरवला. त्यांनी चष्मा लावला आणि एकेक फोल्डर उघडायला सांगितलं. मी उघडत गेले. पोपट, मांजरं, एक कासव, कुणाचंतरी लॅब्रडॉर. प्रत्येक वेळी ते वाकून नीट बघत आणि पुढच्यावर बोट ठेवत.